टाकीपासून डावीकडे

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वहिनीने बादली खाली टेकवली आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. बादलीत सहा चादरी होत्या. घट्ट पिळलेल्या, पण ओली चादर कितीही पिळली तरी हाताला ओढ देतेच. गच्चीपर्यंत अजून दोन जिने होते. तिने आपल्या उजव्या गुडघ्याकडे अडून बसलेल्या बैलाकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा बादलीची कडी धरली.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीपाशी वन्सं बसल्या होत्या. मांडीवर कुणाचा तरी सदरा, नाकावर घसरलेला चष्मा, दातांत दोरा. शिंप्याकडून काज-बटणाचं काम आणायचं आणि दिवसभर खिडकीतल्या उजेडात करत बसायचं, हे त्यांनी याही गावात जमवलं होतं.

"किती झाल्या?" वन्संनी मान वर न करता विचारलं.

"सहा वर नेतेय. सहा खाली भिजताहेत."

"ठेव की जरा ती बादली. घोटभर चहा घे."

"ठेवली तर परत उचलवायची नाही."

वन्संनी दोरा तोडला. "फोन पाचला ना?"

"पाचला."

"मग काय सांगणार आहेस?"

"तुम्हीच सांगा काय सांगू ते."

"मला काय विचारतेस, वहिनी? तू ठरव. तू म्हणशील तसं."

हे उत्तर वहिनीला पाठ होतं. गेली पाच वर्षं कुठं उतरायचं, कुठली खोली घ्यायची, कधी निघायचं, सगळ्याला एकच उत्तर. तू म्हणशील तसं. तिने बादली या हातातून त्या हातात घेतली आणि जिना चढू लागली.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, आणि वाट्याला आले अंथरुणाला खिळलेले वडील. बावीस वर्षं. तेवढ्या वर्षांत वन्सं घरातून किराण्याच्या दुकानापर्यंत जात आणि चुलीवर दूध ठेवून आल्यासारख्या घाईघाईने परतत. वहिनी मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. तीस वर्षं तिने परक्यांच्या चादरी धुतल्या आणि त्या पगारावर घर चालवलं. आधी तिचा नवरा गेला, मग बऱ्याच वर्षांनी सासरे गेले, आणि त्याच वर्षी तिची नोकरी संपली. सासरे गेल्यावर महिनाभर वन्सं रिकाम्या खाटेकडे कान लावून बसत, अजून खोकला ऐकू येईल अशा. ते बघवेना, म्हणून एका सकाळी वहिनी बोलून गेली, "चला वन्सं, तुम्हाला जग दाखवते."

बोलायला काय जातं. दोघींकडे शिल्लक म्हणावी असं काही नव्हतं. राहती दोन खोल्यांची जागा तेवढी होती. ती भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यावर जिथे स्वस्त असेल तिथे राहायचं, एवढीच युक्ती वहिनीला सुचली. घाईच्या प्रवासाला पैसे लागतात. सावकाश जायचं तर गुडघे पुरतात, असं तेव्हा तिला वाटलं होतं. एका गावात जाऊन महिन्याची खोली घ्यायची. महिन्याचे दोन झाले, चार झाले की मालकही भाडं कमी करतो. वन्सं सुई चालवायच्या, वहिनी खोलीमालकाच्या चादरी धुऊन द्यायची. तीस वर्षं पगारासाठी धुतल्या, आता जग बघण्यासाठी धुतेय, असं ती पहिल्या वर्षी हसत सांगायची. आता सांगायची नाही.

जग मात्र बघितलं. लोक दोन दिवसांत गाव उरकतात. या दोघींना दोन दिवसांत पाव कुठे मिळतो एवढंच कळायचं. पण एका गावात त्या गेल्या तेव्हा समोरच्या घरातलं मूल रांगत होतं, आणि निघाल्या तेव्हा ते धावत त्यांच्या गाडीपर्यंत आलं. एका गावात मालकीण ठार बहिरी. तिच्याशी सहा महिने हातवाऱ्यांनी भांडून त्या शेवटी गळ्यात पडून रडल्या होत्या. गावांची खरी नावं त्या घेतच नसत. बहिऱ्या मालकिणीचं गाव, कुत्र्याचं गाव, तापाचं गाव. तापाच्या गावात वन्संना ताप चढला होता आणि एकोणीस दिवस उतरला नव्हता.

गाव कधी सोडायचं याचाही त्यांचा एक नियम होता. कुणी परका माणूस रस्त्यात वाट विचारील आणि विचार न करता तोंडातून उत्तर निघेल, त्या दिवशी ते गाव झालं. मग सामान बांधायचं. कुठल्या गावात ते दोन महिन्यांत झालं, कुठे सात लागले. या गावात चार महिने होत आले होते आणि अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

आणि आता वहिनीच्या, वेगळं राहणाऱ्या मुलाचा निरोप आला होता. घरातला भाडेकरू महिनाअखेर जातोय. दुसरा मिळालाय, माणूस चांगला आहे, पण त्याला तीन वर्षांचा करार हवा. आज पाचला फोन करतो, हो की नाही ते सांग. हो म्हटलं तर तीन वर्षं स्वतःच्या घरात पाय ठेवता येणार नाही. नाही म्हटलं तर महिनाअखेर घरी.

वहिनीचं उत्तर ठरलं होतं: नाही. ते आजचं नव्हतं. दोन गावांपूर्वीच, एका सकाळी उठताना, पाय जमिनीला लावायच्या आधी ठरलं होतं. फक्त ते वन्संच्या तोंडावर बोलवत नव्हतं. बावीस वर्षं कोंडलेल्या बाईला आपणच बाहेर काढलं आणि आपणच म्हणायचं, पुरे झालं, चला परत. मी दमले एवढं कारण तिला लाजिरवाणं वाटत होतं. दुसरं काहीतरी कारण हवं होतं.

सहा चादरी वाळत घालून ती खाली आली आणि सोडा संपला म्हणून बाजाराकडे निघाली. कोपऱ्यावर एका माणसाने तिला हटकलं. पन्नाशीचा असेल. काखेत क्ष-किरणांच्या फोटोचं मोठं पाकीट, हातात जेवणाचा डबा, पायात करकरीत नवे बूट.

"काकू, मोठा दवाखाना कुठं आला?"

"सरळ जा. पाण्याची टाकी लागेल, तिथून डावीकडे. पुढे चांभाराचं दुकान आहे, त्याच्या बाजूने पायऱ्या उतरल्या की समोर फाटकच."

"लांब आहे?"

"दहा मिनिटं. पायऱ्या जपून उतरा, ओल्या असतात."

माणूस मान हलवून झपाझप गेला. वहिनी तिथेच उभी राहिली. कुणी विचारलं होतं, आणि उत्तर आपोआप आलं होतं. झालं, गाव झालं. तिला हसू आलं, पुष्कळ दिवसांनी. आता वन्संना सांगायला कारण होतं: गाव झालंय, तसंही निघायचंच आहे, मग निघताना घराकडेच का निघू नये. चढणीवर घोड्याला मागून कुणी हात लावावा तसं तिला वाटलं. सोडा घेऊन ती परतली, उरलेल्या सहा चादरी खळबळून पिळल्या आणि एका दमात गच्चीवर नेल्या.

तिसरी चादर दोरीवर टाकताना तिने ती झटकली, आणि चादर खाली आली तशी तिच्यामागून दवाखान्याच्या धुलाईखान्याची चिमणी दिसली. रोज दिसायची. उजव्या हाताला, बाजाराच्या मागे, धूर सोडत.

टाकी डाव्या हाताला होती. पार गावाच्या टोकाला.

वहिनी दातांत चिमटा धरून उभी राहिली. या गावात पायऱ्या नव्हत्या. चांभाराचं दुकान तर तिने इथे कधी बघितलंच नव्हतं. टाकीवरून डावीकडे गेलं की लाकडाची वखार, आणि वखारीपुढे रस्ताच संपतो.

कुणासाठी डबा घेऊन निघाला होता कोण जाणे.

चादर अर्धी दोरीवर, अर्धी बादलीत तशीच टाकून ती निघाली. जिने उतरताना गुडघा बोलत होता, तिने ऐकलं नाही. तिसऱ्या मजल्यावर वन्संनी हाक मारली, तिने "आले" एवढंच म्हटलं.

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला निखारे फुंकत होता.

"चादरवाल्या काकू, आज मोकळ्या हाताने? ओळखलंच नाही."

"डबा घेतलेला माणूस बघितलास का? नवे बूट?"

"टाकीकडे गेला. बराच वेळ झाला. पाहुणे का तुमचे?"

"पाहुणे असते तर बरं झालं असतं."

ती टाकीच्या दिशेने चालू लागली. जमेल तेवढं भराभर, म्हणजे इतरांच्या सावकाश चालण्याएवढं. किल्ल्या बनवणारा त्याच्या टपरीत कानस घासत होता. ती जवळ येताना बघून त्याने हात थांबवला.

"तुम्हीच पाठवलात की काय त्याला?" तिने विचारायच्या आतच तो म्हणाला. "मला इथे चांभार कुठे आहे म्हणून विचारत होता. मी म्हटलं, भल्या माणसा, बूट तर कोरे आहेत तुझे, चांभार कशाला?"

"मग?"

"मग काय, मला म्हणाला एका काकूंनी सांगितलंय, आणि गेला वखारीकडे. आमच्यापेक्षा तुमच्यावर विश्वास. आम्ही आपले जन्मापासून इथे बसलोय."

"चुकलं रे माझं."

किल्लीवाल्याने तिच्याकडे नीट बघितलं. मग टपरीतलं स्टूल बाहेर सरकवलं. "बसा तुम्ही. मी पळत जाऊन आणतो."

"नको. माझी चूक आहे, मीच जाते."

माणूस वखारीच्या फाटकाबाहेर एका ओंडक्यावर बसला होता. डबा मांडीवर. बूट काढून बाजूला ठेवले होते, टाच चावली होती. वहिनीला बघून तो उठला नाही, रागावलाही नाही. तो फक्त म्हणाला, "मला वाटलं तुम्ही इथल्याच."

"चार महिने आहे इथे." तिला धाप लागली होती. "दवाखाना त्या बाजूला आहे. मी चुकीचं सांगितलं. कोण आहे तुमचं तिथे?"

"आई. घसरून पडली. भावाने आणलं, मी आज पोचलो. बारानंतर भेटू देत नाहीत म्हणे. आता बाराच वाजत आले." त्याने डब्याकडे बघितलं. "माझ्या हातचं खाईन म्हणून अडून बसलीय. दोन दिवस तोंडात घास नाही."

"बूट घाला," वहिनी म्हणाली. "नाहीतर हातात घ्या. चला."

ती त्याला आल्या वाटेने घेऊन गेली नाही. वखारीच्या मागून, नाल्याच्या कडेने, कोंबड्यांच्या खुराड्यांमधून एक पायवाट बाजाराच्या पाठीमागे निघत होती. कपडे धुवायचा सोडा तिथे स्वस्त मिळतो हे शोधताना पहिल्याच आठवड्यात तिला ती सापडली होती. कुठे वाकायचं, कुठला दगड हलतो, कुठल्या घरचं कुत्रं नुसतंच भुंकतं, सगळं तिच्या पायांना माहीत होतं. तोंडाने कुठलं गाव सांगितलं होतं देव जाणे, पाय इथेच होते. माणूस मागून बूट हातात धरून चालत होता.

दवाखान्याच्या पुढच्या फाटकाकडे ती वळलीच नाही. वाफेचा आणि सोड्याचा वास आला तशी मागच्या भिंतीतल्या पत्र्याच्या दारावर थाप मारली. धुलाईखान्यातली बाई दारात आली. हात कोपरापर्यंत पांढरे, सुरकुतलेले.

"आलीस का? सवय सुटत नाही तुझी," ती म्हणाली. या गावातली वहिनीची ही पहिली ओळख. वास धरून ती इथवर आली होती, आणि दोघी तासभर डाग कशाने जातात यावर बोलल्या होत्या.

"यांची आई आहे आत. फाटक बंद झालं असेल."

"झालंच. आत्ताच घंटा झाली." बाईने माणसाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बूट घाला आधी. अनवाणी माणसाला आत कोणी चोर समजतं. आणि ही घडी घ्या हातात, विचारलं तर चादरी पोचवतोय म्हणा." तिने त्याच्या हातावर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा ठेवला, गठ्ठ्यावर डबा ठेवला आणि त्याला वाफेतून आत घेऊन गेली. माणसाने वळून काहीतरी म्हटलं, पण यंत्राच्या घरघरीत ते वहिनीला ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने बाई एकटीच परत आली.

"भेटले मायलेक. म्हातारी त्याला आधी शिव्या देतेय उशीर केला म्हणून, मग खाईल." तिने वहिनीला पालथ्या टोपलीवर बसवलं. "तुझं तोंड असं का झालंय?"

"मी त्याला भलतीकडेच पाठवलं होतं."

"होतं गं. वय झालं."

वय झालं हे वहिनीला पटलं नाही. येताना ती तोच विचार करत आली. पोर घराकडे पळतं तसं तोंड त्या वाटेकडे पळालं होतं. टाकी, पायऱ्या, फाटक. आणि मग बाजाराच्या मधोमध तिला उलगडा झाला, इतका सोपा की ती थांबली. तीस वर्षं ज्या दवाखान्यात घालवली तिथेही टाकी होती. धुलाईखान्यापाशी. तिथेही मागे पायऱ्या होत्या, ओल्या असायच्या. मोठा दवाखाना म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? तिने त्याला आपल्या घरच्या दवाखान्याची वाट सांगितली होती. अंग इथे चादरी धुतंय आणि मन केव्हाच घरी जाऊन पोचलंय. हे कारण पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. यावर वन्संसुद्धा काही बोलू शकणार नाहीत.

धुलाईखान्यातल्या बाईने ऊन उतरेपर्यंत तिला उठूच दिलं नव्हतं; खोलीत आली तेव्हा साडेचार होत आले होते. फोन दोघींच्या मध्ये पाटावर ठेवलेला होता. वन्संनी तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. तिने ते सरकवून ठेवलं, भिंतीशी बसली आणि सगळं सांगितलं, माणूस, बूट, वखार, पत्र्याचं दार. वन्सं बटण लावत ऐकत होत्या. किल्लीवाल्याचं सांगितलं तेव्हा हसल्या.

"म्हणजे हे गाव अजून झालं नाही म्हणायचं."

"चेष्टा नको, वन्सं. मी काय म्हणते ते ऐका." वहिनीने पाय लांब केला आणि गुडघा चोळू लागली. "ती वाट आपल्या घरची होती. माझं मन घरी गेलंय. मी नाही म्हणत, माझं तोंडच बोललं. मग मला वाटतं, मुलाला आज सांगावं की आम्ही येतो."

वन्संचा हात थांबला नाही. सुई आत गेली, वर आली.

"काय सांगितलंस तू त्याला? परत सांग."

"टाकीपासून डावीकडे. चांभाराचं दुकान. बाजूने पायऱ्या उतरल्या की फाटक."

"आपल्या घराकडे टाकी कुठंय?"

"दवाखान्यात होती ना, धुलाईखान्यापाशी."

"ती दवाखान्याच्या आत. आतल्या टाकीपाशी वळून माणूस दवाखान्यात कसा जाईल? तो आत पोचलेलाच असेल की."

वहिनीने झाकलेलं ताट पुढे ओढलं, पुन्हा सरकवलं.

"आणि तू तीस वर्षं कामाला बसने गेलीस. दारात बस, दारात उतरणं. चालत एकदा तरी गेली होतीस का? त्या रस्त्यावर चांभार आहे की न्हावी, हे तुला आज विचारलं तरी सांगता यायचं नाही." वन्संनी बटणाला दोऱ्याचे वेढे दिले आणि गाठ मारली. "ती तापाच्या गावची वाट आहे."

खाली नळावर कुणीतरी बादली लावली. पाणी आधी पत्र्यावर वाजलं, मग पाण्यावर.

"एकोणीस दिवस मला भेटायला तिथल्या दवाखान्यात दोनदा यायचीस. सकाळी एकदा, चारला एकदा," वन्सं म्हणाल्या. "टाकी गळायची, खाली चिमण्या आंघोळ करायच्या. चांभाराच्या दारात एकाच पायाची लाल चप्पल टांगलेली होती. पायऱ्या एकेचाळीस. एकदा तू त्यांवरून घसरलीस आणि डबा सांडला, तर परत जाऊन दुसरा भरून आणलास."

"तुम्ही कुठे बघितलीत ती वाट? तुम्हाला नेलं तेव्हा शुद्ध नव्हती."

"मी नाहीच बघितली. येताना गाडीत आडवी होते, गाडीचं छत तेवढं दिसत होतं." वन्संनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. "तू सांगायचीस. येऊन बसलीस की पहिलं ते सांगायचीस. आज चिमण्या होत्या. आज नव्हत्या. चप्पल अजून टांगलेलीच आहे. मला बोलायचं त्राण नव्हतं, तू आपली सांगत बसायचीस. दुपारी तू यायच्या आधी मी मनात ती वाट चालून घ्यायची. टाकीपाशी आले की वाटायचं, आता येईलच."

वहिनीचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. तिने हे सगळं सांगितलं होतं हे तिला आठवत नव्हतं. बडबड केली होती, आजाऱ्यासमोर काहीतरी बोलायचं म्हणून. तिला फक्त आठवत होतं की त्या पायऱ्या उतरताना ती रोज मोजायची, कारण मोजताना दुसरं काही मनात येत नसे.

"पाच वर्षं झाली," वन्सं म्हणाल्या. "मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारते. खरं सांग. तुला घरी जायचंय?"

वहिनीने तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं; सकाळपासून, दोन गावांपासून तेच म्हणायचं होतं. पण घर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे यायला हवं होतं ते आलं नाही. दोन खोल्या आल्या, त्यात कुणाचं तरी सामान. खाट आली, रिकामी.

"मला झोपायचंय," ती म्हणाली.

"घरी जाऊन?"

"कुठेही."

वन्संनी मान डोलवली, खूप दिवसांचा हिशेब जुळल्यासारखी नव्हे, नुसती ऐकलं म्हणून. सदरा घडी करून बाजूला ठेवला. सुई उशीत खोचली. मग उठून त्यांनी कोपऱ्यातली गादी ओढून भिंतीला लावली, वहिनीच्या पाठीमागे.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने वहिनीचा हात पुढे गेला. वन्संचा हात आधी पोचला. त्यांनी फोन उलटा धरला, मग सरळ केला.

"मी आत्या बोलतेय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा मोठा निघाला, फोनवर कधी न बोलणाऱ्या माणसाचा निघतो तसा. "नाही, आई इथेच आहे. बरी आहे. दमलीय. मला विचार."

पलीकडे मुलगा काहीतरी बोलत होता.

"हो, मला. तीन वर्षं नकोत. एका वर्षाचा कर म्हणावं. तयार नसेल तर दुसरा बघ, घर काही पळून जात नाही." थोडं थांबून, "नाही, आम्ही इथेच आहोत. अजून काही महिने. ती आता चादरी धुणार नाही, मी इथल्या खोलीमालकाशी बोलते. मग एखादी छोटी खोली बघू. मी बघते."

वहिनीला सांगायचं होतं की कराराच्या कागदात दुरुस्तीचा खर्च कुणाचा तेही लिहून घे म्हणावं, मागच्या वेळी राहिलं होतं. गच्चीवर एक चादर अर्धी लोंबतेय तेही सांगायचं होतं. तिने डोळे मिटले, सांगण्याआधी जरा मिटावेत म्हणून. गादीला उन्हाचा वास होता. वन्संचा आवाज येत राहिला, कधी हो, कधी नाही, कधी मुलाला बारीकसा दटावणारा.

"काय? बोलायचंय तिच्याशी?" वन्संनी मागे वळून बघितलं. मग फोन दुसऱ्या कानाला लावला आणि आवाज खाली आणला.